एलिट फोरशी पहिल्यांदाच भिडताय? पोकेमॉन फायर रेड आणि लीफ ग्रीनच्या शेवटच्या पाच लढतींची तयारी

आठही बॅज खिशात आले, व्हिक्टरी रोडची गुहा पार झाली आणि इंडिगो प्लॅटोच्या दारात पोचलात. इथवर बहुतेक जण एकाच पोकेमॉनच्या जोरावर आलेले असतात. सुरुवातीला निवडलेला चारीझार्ड किंवा ब्लास्टॉइज लेव्हल 60 ला आणि बाकीचे पाच जण तिशीत अडकलेले, अशी टीम असते. आठ जिम अशा टीमने जिंकता येतात. एलिट फोर, म्हणजे चॅम्पियनच्या आधीचे चार बलाढ्य ट्रेनर, मात्र अशा टीमने जिंकता येत नाहीत, कारण इथे पाच लढती एकापाठोपाठ होतात, मध्ये पोकेमॉन सेंटर नाही आणि प्रत्येक खोलीतलं दुखणं वेगळं आहे. एकाने सगळ्यांना पुरं पडायचं म्हटलं की तिसऱ्या खोलीत त्याच्या मूव्ह (लढतीतले डाव) संपतात.

म्हणून या लेखाचा सगळा भर कामाच्या वाटणीवर आहे. कोणत्या खोलीत कोण लढणार हे दारातून आत जाण्याआधी ठरलेलं असलं, तर लेव्हल थोडी कमी असली तरी भागतं.

इथे सांगितलेलं सगळं 2004 साली गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आलेल्या फायर रेड आणि लीफ ग्रीनबद्दल आहे. 1996 च्या मूळ रेड, ग्रीनमध्ये बरेच नियम वेगळे होते, त्यामुळे तिथले डावपेच इथे आणि इथले तिथे चालवू नका.

1. आधी हे नियम पक्के करा

लोरेली, ब्रूनो, अ‍ॅगाथा, लान्स आणि शेवटी चॅम्पियन, हा क्रम ठरलेला आहे. खोलीत शिरलात की मागचं दार बंद. हरलात तर पुन्हा लोरेलीपासून सुरुवात. मिळालेला अनुभव आणि वाढलेली लेव्हल मात्र तुमच्याकडेच राहते, त्यामुळे पहिली फेरी हरलात म्हणून सगळं वाया गेलं असं नाही. वापरलेली औषधं परत येत नाहीत. म्हणून लोरेलीच्या दाराबाहेर सेव्ह करा आणि मधल्या खोल्यांत सेव्ह करताना विचार करा. औषधं संपत आलेली असताना, निम्मी टीम पडलेली असताना केलेलं सेव्ह नंतर महागात पडतं.

ऑप्शन्समध्ये जाऊन बॅटल स्टाइल ‘शिफ्ट’ वर आहे ना, हे बघा. ती तशी असली की समोरचा पोकेमॉन पडल्यावर पुढे कोण येणार हे खेळ सांगतो आणि तुम्हाला फुकटात बदली करायची संधी देतो. या लेखातली निम्मी युक्ती या एका सोयीवर उभी आहे.

आणखी एक गोष्ट नव्या खेळाडूंना कोणी सांगत नाही. या खेळात मूव्ह शारीरिक की स्पेशल हे तिच्या टाइपवरून ठरतं. फायर, वॉटर, इलेक्ट्रिक, ग्रास, आइस, सायकिक, ड्रॅगन आणि डार्क या स्पेशल. नॉर्मल, फायटिंग, फ्लाइंग, ग्राउंड, रॉक, बग, घोस्ट, पॉयझन आणि स्टील या शारीरिक. म्हणजे शॅडो बॉल इथे शारीरिक मूव्ह आहे. स्पेशल अ‍ॅटॅकचा राजा असलेल्या गेन्गारच्या हातात ती बोथट ठरते, आणि दांडग्या स्नॉरलॅक्सच्या हातात धारदार. हे ध्यानात ठेवा, अ‍ॅगाथाच्या खोलीत याचाच फायदा घ्यायचा आहे.

2. सोबत काय हवं

इंडिगो प्लॅटोला एकदा पाऊल टाकलं की तिथे उडत परत येता येतं. तेव्हा आधी पोचा, मग माघारी जाऊन निवांत खरेदी करा.

- फुल रिस्टोअर, 8 नग. एकाची किंमत 3,000. मॅक्स पोशन 2,500 ला मिळतं, पण त्याने झोप, विष, गोंधळ जात नाही. 500 वाचवायला जाऊ नका.
- रिव्हाइव्ह, 8 नग, प्रत्येकी 1,500.
- फुल हील, 5 नग, प्रत्येकी 600.
- लेमनेड, 20 बाटल्या, प्रत्येकी 350. सेलाडॉनच्या डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवरच्या मशीनमधून.
- टीएम 34 शॉक वेव्ह (टीएम म्हणजे पोकेमॉनला एक ठरावीक मूव्ह शिकवणारं यंत्र). लेफ्टनंट सर्जला हरवल्यावर मिळालेला.
- टीएम 29 सायकिक. सॅफ्रॉनमध्ये मिस्टर सायकिकच्या घरी फुकट.
- टीएम 30 शॅडो बॉल. सेलाडॉनच्या गेम कॉर्नरमध्ये 4,500 नाण्यांना.
- वाटेत सापडलेले सगळे ईथर आणि इलिक्झर, म्हणजे संपलेल्या मूव्ह पुन्हा भरणारी औषधं. हे दुकानात विकत मिळत नाहीत, म्हणून आधी कुठे उधळू नका.

औषधांचा हिशेब 46,000 होतो. लेमनेड का, तर त्याने 80 एचपी (पोकेमॉनचा जीव) भरतात आणि हायपर पोशन 1,200 ला 200 भरतं. दोन खोल्यांच्या मध्ये घाई नसते, तिथे लेमनेड पाजा. ऐन लढतीत वळण (टर्न, म्हणजे तुमची पाळी) वाया घालवायचं असेल तर फुल रिस्टोअरच काढा. मशीनमधून एकेक बाटली काढत बसावं लागतं, कंटाळा येतो, पण काढाच.

टीएमबद्दल इशारा: या खेळात टीएम एकदाच वापरता येतो. टीएम 34 तुम्ही आधीच दुसऱ्या कोणाला शिकवला असेल, तर गेम कॉर्नरमधून 4,000 नाण्यांचा टीएम 24 थंडरबोल्ट घ्यावा लागेल. नाणी 50 ला 1,000 या भावाने मिळतात, म्हणजे 4,000 नाण्यांना 80,000 मोजावे लागतात.

3. टीम अशी उभी करा

दोन्ही खेळांत, कोणाशी अदलाबदल न करता, सहज मिळतील असेच पोकेमॉन इथे घेतले आहेत. अलाकझाम, मशँप, गेन्गार हे ट्रेड केल्याशिवाय बनत नाहीत, म्हणून ते बाजूला ठेवले.

लॅप्रस. सिल्फ कंपनीच्या सातव्या मजल्यावरचा कर्मचारी लेव्हल 25 चा लॅप्रस तसाच देऊन टाकतो. पुष्कळ जण तो बॉक्समध्ये टाकून विसरतात. त्याला लेव्हल 31 ला आइस बीम आपोआप येते. तीच मूव्ह टीएमने घ्यायची तर 4,000 नाणी लागतात. सर्फ त्याला द्या. आइस आणि वॉटर असल्यामुळे आइस बीमचा त्याच्यावर चौथा हिस्साच परिणाम होतो. लॅप्रसची लेव्हल हळू वाढते, तेवढा धीर धरा.

हिप्नो. रूट 11 वर ड्राउझी पकडा, 26 ला त्याचा हिप्नो होतो. टीएम 29 यालाच द्या. दिसायला साधा, पण त्याची अ‍ॅबिलिटी आहे इन्सोम्निया, म्हणजे त्याला झोप लागतच नाही. या पाच लढतींत झोप हा सर्वांत मोठा शत्रू आहे. जिंक्स, अ‍ॅगाथाचे दोघे आणि एक्झेग्यूटर थेट झोपवतात, स्लोब्रो जांभई देऊन झोपवतो. हिप्नोपुढे या सगळ्यांचा तो डाव फुकट जातो.

स्नॉरलॅक्स. रूट 12 आणि रूट 16 वर लेव्हल 30 चा एकेक झोपलेला असतो. पोके फ्लूट वाजवण्याआधी सेव्ह करा, कारण पाडलात तर तो गेलाच. याला शॅडो बॉल द्या आणि एचएम 04 स्ट्रेंग्थही द्या (एचएम म्हणजे वाटेतले अडथळे पार करायला लागणारी मूव्ह). व्हिक्टरी रोडला स्ट्रेंग्थ लागतेच, शिवाय नॉर्मल टाइपच्या स्नॉरलॅक्सच्या हातून तिचा फटका चांगला बसतो. सर्फ लॅप्रसकडे, स्ट्रेंग्थ स्नॉरलॅक्सकडे, म्हणजे फक्त एचएमचं ओझं वाहायला सातवा गडी शोधायला नको. जिओवानीकडून मिळालेला टीएम 26 अर्थक्वेकही यालाच शोभतो.

झॅपडॉस. पॉवर प्लांटमध्ये, लेव्हल 50. इथे नव्या माणसाचा हमखास पचका होतो. विजेचा पक्षी म्हणून पकडून आणतो आणि लढतीत बघतो तर त्याच्याकडे थंडर वेव्ह, अजिलिटी, डिटेक्ट आणि ड्रिल पेक. विजेचा एकही मारा नाही! टीएम 34 राखून ठेवायला सांगितलं ते यासाठी. शॉक वेव्हची ताकद 60 च असली तरी ती चुकत नाही, आणि झॅपडॉसचा स्पेशल अ‍ॅटॅक एवढा आहे की ती कमी वाटत नाही. पकडताना हिप्नोने हिप्नॉसिस टाकून त्याला झोपवा आणि मग अल्ट्रा बॉल टाकत राहा. त्याला आधी पाडू नका, सेव्ह करूनच समोर जा.

तुमचा पहिला पोकेमॉन पाचवा. तो चांगल्या लेव्हलला असणारच. व्हीनसॉर असेल तर ओनिक्स आणि रायडॉनचा फडशा पाडेल, चारीझार्ड जिंक्सला भाजून काढेल, ब्लास्टॉइज लॅप्रसचा भार हलका करेल.

सहावी जागा तुमच्या आवडीच्या पोकेमॉनला द्या. त्याचं एक काम मात्र ठरलेलं आहे. पडलेल्याला रिव्हाइव्ह देताना पुढे उभं राहून एक फटका खायचा.

मूव्ह निवडताना नेमकेपणा बघा, नुसती ताकद बघू नका. हायड्रो पंपची ताकद 120 आहे, पण नेम 80 टक्के आणि पीपी (मूव्ह किती वेळा वापरता येते तो आकडा) फक्त 5. सर्फ 95, कधी चुकत नाही आणि पीपी 15. पाच लढतींच्या लांब प्रवासात सर्फच जिंकते. फायर ब्लास्ट आणि फ्लेमथ्रोअरचंही तसंच. नको असलेली एचएम मूव्ह काढायची असेल तर फ्युशिया शहरातल्या मूव्ह डिलिटरकडे जा, विसरलेली मूव्ह परत हवी असेल तर टू आयलंडवर एक मोठं किंवा दोन छोटी मशरूम देऊन ती शिकता येते.

4. लेव्हल आणि पैसे

पहिल्या पाच जणांची लेव्हल 52 ते 55 च्या आसपास आणा. लोरेलीचे पोकेमॉन 51 ते 54 चे आहेत आणि चॅम्पियनचा शेवटचा 63 चा. तेवढी तफावत योग्य टाइपने भरून निघते.

लेव्हल आणि पैसा दोन्ही एकाच कामातून मिळतात: व्हीएस सीकर. व्हर्मिलियनच्या पोकेमॉन सेंटरमधली बाई तो देते. 100 पावलं चाललात की तो पुन्हा वापरता येतो आणि आधी हरवलेले ट्रेनर पुन्हा लढायला तयार होतात. 40 जातींचे पोकेमॉन पकडलेले असतील तर रूट 16 वर प्रोफेसर ओकचा सहायक अ‍ॅम्युलेट कॉइन देतो. तो धरलेला पोकेमॉन लढतीत एकदा जरी उतरला तरी बक्षीस दुप्पट. 50 जाती झाल्या की रूट 15 वर एक्स्प. शेअर मिळतो. तो लॅप्रसला द्या, आणि लॅप्रस मार्गी लागला की स्नॉरलॅक्सला. रानातल्या पोकेमॉनशी तासन्‌तास झुंजण्यापेक्षा हा रस्ता कितीतरी बरा.

शॅडो बॉलच्या 4,500 नाण्यांना 90,000 लागतात. मोठी रक्कम आहे, तरी माझ्या मते पैसे घालायचे तर आधी इथेच. त्यानंतरही उरले तर लॅप्रससाठी थंडरबोल्ट घ्या, लोरेलीची खोली अगदी सोपी होईल.

5. लोरेली: आइस आणि वॉटर

ड्यूगाँग, क्लॉइस्टर, स्लोब्रो, जिंक्स, लॅप्रस.

आइस म्हटलं की लोक फायर घेऊन जातात आणि तिथेच फसतात. पाचपैकी चार जण वॉटरही आहेत, त्यांच्या सर्फपुढे फायरवाला टिकत नाही. इथे वीज हवी. झॅपडॉस पुढे ठेवा. ड्यूगाँगला दोन शॉक वेव्ह लागतात, मधे तो आइस बीम मारेल आणि ती फ्लाइंग असलेल्या झॅपडॉसला जोरात लागेल. तरी एक तो सोसतो. दुसरी सोसणार नाही, म्हणून निम्म्याखाली आला की त्याला मागे घ्या. क्लॉइस्टरचं कवच शारीरिक माऱ्यापुरतंच आहे, विजेपुढे तो लगेच कोसळतो.

स्लोब्रो अ‍ॅम्नेशिया करून स्पेशल डिफेन्स वाढवत बसतो. वीज टाकत राहिलात तर लढत लांबते आणि जांभईने झोपही येते. स्नॉरलॅक्सचा शॅडो बॉल शारीरिक असल्याने अ‍ॅम्नेशियाचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही. जिंक्सची शारीरिक बाजू तर कागदासारखी आहे, तिलाही तोच शॅडो बॉल. शेवटच्या लॅप्रसला स्नॉरलॅक्सने बॉडी स्लॅम किंवा स्ट्रेंग्थने बडवावं. तुमच्या लॅप्रसला थंडरबोल्ट असेल तर हा सगळा खटाटोप त्याच्यावर सोपवा, तिच्या आइस बीम त्याला गुदगुल्या करतात.

सगळ्या खोल्यांसाठी एक सवय इथूनच लावा. समोरचा अगदी लाल पट्टीवर आला की मालक फुल रिस्टोअर काढतो आणि तुमची मेहनत वाया जाते. म्हणून हिशेब असा करा की त्याचा एचपी निम्म्याच्या आसपास राहील आणि पुढच्या फटक्यात तो थेट खाली जाईल.

6. ब्रूनो: फायटिंग

पाचांत सर्वांत सोपी खोली. दोन ओनिक्स, हिटमॉनचॅन, हिटमॉनली, मशँप.

आपल्यापैकी अनेकांनी पोकेमॉन आधी टीव्हीवर पाहिलं आणि मग खेळलं. त्या मालिकेत पिकाचूने ब्रॉकच्या ओनिक्सला जेरीस आणलं होतं, तेही पाण्याचे फवारे सुरू झाले म्हणून. खेळात ते होत नाही. ओनिक्स ग्राउंड आहे, त्याला विजेचा शून्य परिणाम होतो. झॅपडॉस मागे ठेवा आणि लॅप्रसची सर्फ टाका, चौपट लागते. व्हीनसॉरच्या ग्रास मूव्हचंही तेच.

बाकी तिघांना हिप्नोची सायकिक. हिटमॉनचॅनकडे काउंटर आहे, तो शारीरिक फटका दुप्पट करून परत देतो. सायकिक स्पेशल असल्याने त्या सापळ्यात तुम्ही अडकत नाही. स्नॉरलॅक्स आणि लॅप्रस दोघांनाही फायटिंग वर्मी लागतं, त्यांना या तिघांसमोर उभं करू नका. सायकिकला पीपी 10 च आहेत आणि पुढची खोली अ‍ॅगाथाची. इथून निघताना हिप्नोला ईथर द्या.

7. अ‍ॅगाथा: इथे सर्वाधिक लोक अडकतात

गेन्गार, गोलबॅट, हाँटर, आर्बोक आणि पुन्हा गेन्गार.

विष, गोंधळ, झोप, शाप. फटक्याने मरण्यापेक्षा हतबल होऊन हरणारे इथे जास्त. पण प्रत्येकाच्या मूव्ह नीट पाहिल्या की तिची टीम पोकळ दिसायला लागते.

पहिला गेन्गार, लेव्हल 54. त्याच्याकडे टॉक्सिक, कन्फ्यूज रे, डबल टीम आणि शॅडो पंच आहे. मारणारी मूव्ह फक्त एक, शॅडो पंच, आणि ती घोस्ट. घोस्टचा नॉर्मल टाइपवर काहीही परिणाम होत नाही. म्हणजे स्नॉरलॅक्स समोर उभा राहिला की गेन्गारकडे त्याला मारायला हत्यारच उरत नाही. टॉक्सिकचं विष तेवढं चढू शकतं, आणि तुमच्या स्नॉरलॅक्सची अ‍ॅबिलिटी इम्युनिटी असेल तर तेही नाही. गोंधळला तर फुल हील द्या, आणि शॅडो बॉल टाकत राहा. डबल टीममुळे एखाददुसरा नेम चुकेल, घाबरू नका, स्नॉरलॅक्सला घाई करायचं काही कारणच नाही.

इथेच एक मोठी चूक होते. घोस्टबरोबर गेन्गार पॉयझनही आहे, म्हणून लोक अर्थक्वेक टाकतात. 1996 च्या खेळात ते चालायचं. इथे गेन्गार आणि हाँटरला लेव्हिटेट आहे, ते हवेत तरंगतात. अर्थक्वेक लागतच नाही. बॉडी स्लॅम, स्ट्रेंग्थ याही घोस्टला लागत नाहीत. शॅडो बॉल नसेल तर स्नॉरलॅक्स इथे नुसता बसून राहील.

हाँटर, लेव्हल 53. हिप्नॉसिस टाकून झोपवायचं, मीन लुकने पळू द्यायचं नाही, ड्रीम ईटरने झोपलेल्याचा जीव शोषायचा आणि वर कर्स. कोणालाही सळो की पळो करणारी ही चौकडी. आता समोर हिप्नो उभा करा. त्याला झोप लागत नाही, म्हणून हिप्नॉसिस फुकट. झोप नाही म्हणून ड्रीम ईटरही फुकट. उरला कर्स, त्यासाठी हाँटर स्वतःचाच निम्मा एचपी घालवतो. तुम्ही सायकिक टाकता आणि तो संपतो.

गोलबॅट आणि आर्बोकही हिप्नोकडेच. दोघेही पॉयझन, सायकिक दुप्पट लागते. ते दोघे बाइट मारतात आणि डार्क मूव्ह सायकिकला लागतात खऱ्या, पण बाइट इथे स्पेशल आहे आणि या दोघांचा स्पेशल अ‍ॅटॅक कच्चा आहे. हिप्नो ते सोसतो. आर्बोकला स्नॉरलॅक्सचा अर्थक्वेकही चालतो, तो जमिनीवरच असतो.

शेवटचा गेन्गार, लेव्हल 58. शॅडो बॉल, स्लज बॉम्ब, हिप्नॉसिस, नाइटमेअर. इथे हिप्नो आणायचा मोह टाळा, शॅडो बॉल त्याला दुप्पट लागेल. पुन्हा स्नॉरलॅक्स. शॅडो बॉल त्याला लागत नाही, स्लज बॉम्ब लागला तरी गेन्गारचा शारीरिक हात हलका. फक्त झोप सांभाळा, त्यासाठी फुल हील राखून ठेवलेलं असू द्या.

8. लान्स: ड्रॅगन

गायराडॉस, दोन ड्रॅगनेअर, एअरोडॅक्टिल आणि लेव्हल 60 चा ड्रॅगनाइट.

आत जाण्याआधी लॅप्रसचे एचपी आणि आइस बीमचे पीपी भरा. आइस बीमला 10 च पीपी असतात.

गायराडॉसवर आइस बीम वाया घालवू नका. नावावरून आणि रूपावरून ड्रॅगन वाटला तरी तो वॉटर आणि फ्लाइंग आहे, बर्फ त्याला साधाच लागतो. वीज चौपट लागते. झॅपडॉस पाठवा, फार तर दोन शॉक वेव्ह. मग लॅप्रस उतरवा. ड्रॅगनेअर आइस बीमने दुप्पट, ड्रॅगनाइट चौपट, कारण तो ड्रॅगन आणि फ्लाइंग दोन्ही आहे.

लान्सच्या पाचही जणांकडे हायपर बीम आहे. ती बसली की दणका मोठा असतो, पण पुढचं वळण त्याला विश्रांतीत घालवावं लागतं. औषध पाजायचं असेल, रिव्हाइव्ह द्यायचं असेल तर ते त्याच वळणात उरका. थंडर वेव्ह टाकून ड्रॅगन लुळे करायचा बेत असेल तर सोडून द्या. ड्रॅगनेअर आणि ड्रॅगनाइट सेफगार्ड टाकतात, पाच वळणं त्यांना काही होत नाही.

एअरोडॅक्टिल लॅप्रसपेक्षा खूप चपळ आहे आणि त्याची एन्शंट पॉवर रॉक असल्याने लॅप्रसला दुप्पट लागते. तो यायच्या वेळी लॅप्रस निम्म्यापेक्षा खाली असेल तर बदली करा. नाहीतर सर्फ टाका, ती त्याला दुप्पट बसते.

9. चॅम्पियन: लहानपणापासूनचा प्रतिस्पर्धी

लान्सला हरवून लोक गेम बॉय खाली ठेवतात आणि मग कळतं, अजून एक खोली आहे. प्रोफेसर ओकचा नातू, ज्याचं नाव तुम्हीच खेळाच्या सुरुवातीला ठेवलं होतं, तुमच्याआधी चॅम्पियन होऊन बसला आहे. म्हणून तीन तरी फुल रिस्टोअर आणि तीन रिव्हाइव्ह याच्यासाठी हात न लावता ठेवा.

याची टीम एका टाइपची नाही, त्यामुळे प्रत्येकासाठी माणूस ठरवून ठेवा. सुरुवात पिजॉटने होते, त्याला झॅपडॉस. सँड अ‍ॅटॅकने नेम बिघडवायचा त्याचा डाव असतो, पण शॉक वेव्ह चुकतच नाही. अलाकझाम सर्वांत धोक्याचा. त्याची सायकिक भल्याभल्यांना एका फटक्यात पाडते. मात्र शारीरिक बाजूने तो तकलादू आहे, स्नॉरलॅक्सचा शॅडो बॉल त्याच्यासाठीच. त्याने रिफ्लेक्ट लावला तर दोन-तीन फटके जास्त लागतील. रायडॉनला सर्फ चौपट, एका झटक्यात काम होतं.

पुढचे तीन तुमच्या पहिल्या निवडीवर अवलंबून.

तुम्ही बुल्बासॉर घेतला असेल तर त्याच्याकडे एक्झेग्यूटर, गायराडॉस आणि शेवटी चारीझार्ड. चारीझार्डला लॅप्रसची सर्फ किंवा झॅपडॉसची वीज.

चारमँडर घेतला असेल तर आर्कनाइन, एक्झेग्यूटर आणि ब्लास्टॉइज. ब्लास्टॉइजला झॅपडॉस. तो रेन डान्स करून हायड्रो पंप जोरदार करतो, तेव्हा वेळ घालवू नका.

स्क्वर्टल घेतला असेल तर गायराडॉस, आर्कनाइन आणि व्हीनसॉर. व्हीनसॉर आधी सनी डे टाकतो म्हणजे सोलर बीम थांबावं न लागता सुटते. लॅप्रसला तिथे नेऊ नका. झॅपडॉसची ड्रिल पेक किंवा हिप्नोची सायकिक वापरा, झॅपडॉसला ग्रासचा मारा निम्माच लागतो.

एक्झेग्यूटरलाही ड्रिल पेक. स्लीप पावडरची भीती आहे, म्हणून झॅपडॉस पहिल्या वळणापासून मारत राहिला पाहिजे. आर्कनाइनला सर्फ, पण त्याची एक्स्ट्रीम स्पीड कोणाच्याही आधी बसते, म्हणून थोडक्या एचपीवरचा पोकेमॉन त्याच्यासमोर ठेवू नका.

10. जिंकल्यावर

हॉल ऑफ फेममध्ये टीमची नोंद होते, खेळ आपोआप सेव्ह होतो आणि तुम्ही पॅलेट टाउनमधल्या घरी असता. 60 जाती पकडलेल्या असतील तर प्रोफेसर ओक नॅशनल डेक्स (पोकेमॉनची मोठी नोंदवही) देतात आणि उरलेल्या सेव्हाय बेटांचा रस्ता खुला होतो. तिथून रूबी आणि सफायर ही दोन रत्नं आणून बेटांवरच्या सेलिओचं यंत्र सुरू केलं की सेरुलियन गुहा उघडते आणि आत लेव्हल 70 चा म्यूटू असतो.

त्यानंतर इंडिगो प्लॅटोला परत गेलात तर तेच पाच जण नव्या टीमसह भेटतात आणि चॅम्पियनचा शेवटचा पोकेमॉन 75 चा असतो. ब्रूनोचे ओनिक्स आता स्टीलिक्स झालेले असतात, सर्फ त्यांना चौपट नाही, दुप्पटच लागते. अ‍ॅगाथाकडे मिसड्रीव्हस येतो, तो निव्वळ घोस्ट असल्याने त्याला सायकिक साधीच लागते. लान्सकडे दोन ड्रॅगनाइट आणि एक किंग्ड्रा, त्या किंग्ड्रावर आइस बीमचा विशेष परिणाम नाही. चॅम्पियनकडे टायरॅनिटार असतो आणि तो डार्क, म्हणजे हिप्नोची सायकिक त्याला लागतच नाही. त्याला लॅप्रसची सर्फ किंवा स्नॉरलॅक्सचा अर्थक्वेक. त्या फेरीला जाण्याआधी टीम 65 च्या पुढे न्या आणि फुल रिस्टोअर दुप्पट घ्या.